घडीची ग्रिल

मी फोनवर "ग्रिल आणून राहिली" म्हणाले आणि बाबांनी भिंत फोडली.

चूक कोणाची, यावर आमच्या घरात अजून एकमत झालेलं नाही. आई म्हणते, शिकलेल्या माणसानं नीट सांगावं, म्हणजे चूक माझी. मिस्त्री म्हणतो, आपल्याला सांगितलं तेवढं आपण फोडलं. बाबा म्हणतात, चूक ग्रिलची. दोन वेगळ्या वस्तूंनी एकच नाव कायले घेतलं? मला बाबांचं पटतं. बार्शीटाकळीपासून बरंच आत असलेल्या आमच्या गावात ग्रिल म्हणजे खिडकीची. चोर, मांजर आणि माकड यांना बाहेर ठेवते ती. तिच्यावर कोणी स्वयंपाक करत असेल, हे कोणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं.

फोन असा झाला होता. मी अमरावतीत, शाळेच्या मधल्या सुट्टीत. बाबा शेतात, तुरीत.

"बाबा, मी येताना ग्रिल आणून राहिली."

"कायले वं? अकोल्यात भेटत नाई काय?"

"घेतली हाय मी. नवसाचे पाहुणे येतीन त्याच्या आधी पाह्यजे न."

"हो, थे बरोबर हाय. पाहुण्यायच्या आधी झालं तं बरं. केवढी हाय?"

"आपल्याले पाह्यजे तेवढी हाय."

"मंग बसते बरोबर. मजबूत हाय न?"

"लोखंडाची हाय. अन् घडी होते."



"घडी?"

"हो. ब्यागेत मावते."

"बरं बाप्पा," बाबा म्हणाले, "आजकाल काईबी निंघते."

ते 'बसते' म्हणाले तेव्हा मला वाटलं, जमिनीवर बसते. ते भिंतीत म्हणत होते. स्वयंपाकघराच्या खिडकीची जुनी जाळी गंजली आहे, बदलायला पाहिजे, असं मीच दिवाळीत म्हणून गेले होते. माझं बोलणं बाबा विसरत नाहीत. पोरगी शिकलेली आहे, ती बोलली म्हणजे काही तरी असेल, असा त्यांचा हिशोब.

आता नवसाचं सांगते, कारण सगळं त्यासाठीच होतं.

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुलिंबाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे. त्याला आम्ही भैरोबा म्हणतो. मी बारावी झाले त्या वर्षी आई त्याच्यापुढं हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, माही पोरगी पंधरावी पास झाली तं इथंच पन्नास माणसायले रोडगे खाऊ घालीन, अन् तोवर मी तोंडात रोडगा घालनार नाई. पंधरावी म्हणजे पदवी. आमच्याकडे बी.एस्सी., बी.ए. असं कोणी म्हणत नाही. बारावीच्या पुढं तीन वर्षं मोजायची आणि पंधरावी म्हणायचं. बोटांवर मावतं.

रोडगा ज्यांनी खाल्ला नाही त्यांनी एवढं समजावं, की जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेत तेलाचं मोहन, मीठ, ओवा घालून, एकावर एक थर गुंडाळून केलेला तो मुठीएवढा गोळा असतो. तो गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची रस्सेदार भाजी आणि वरण. पोळीच्या जेवणाला माणूस नाही म्हणेल, पण रोडग्याच्या जेवणाला वऱ्हाडात कोणी नाही म्हणत नाही. आणि माझ्या आईला रोडगा सगळ्यांत प्रिय. म्हणूनच तिनं तो सोडला. न आवडणारी वस्तू सोडून देवाला फसवता येत नाही, असं ती म्हणते.

मी पंधरावी झाले. आमच्या घराण्यात पहिली. हे मी लाजत सांगत नाही. हॉस्टेलच्या खोलीत चौघींत एक पंखा होता, तिथं बसून मी रसायनशास्त्र पाठ केलेलं आहे. पुढं बी.एड. केलं, अमरावतीत शाळेत विज्ञान शिकवायला लागले. नवस मात्र तसाच राहिला. पहिल्या वर्षी भावकीत सुतक पडलं. मग कोरोना आला. पण खरं कारण दुसरंच होतं, ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. ते म्हणजे मोठेबाबा.

मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्या भावकीत रोडग्याची आग घरातल्या थोरल्या पुरुषानं पेटवायची, असं आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं. बायकांनी कणीक मळायची, भाजी करायची. आगीपाशी जायचं नाही. एक म्हणही आहे आमच्यात: ज्याची आग, त्याचा पहिला रोडगा. म्हणजे जो आग सांभाळतो त्यानंच पहिला रोडगा देवापुढं फोडायचा. हा मान मोठेबाबांचा. मी अकोल्याला कॉलेजात निघाले तेव्हा हेच मोठेबाबा ओट्यावर बसून म्हणाले होते, "पोरीच्या जातीले पंधरावी कायले? चुलीपाशी बसाले डिगरी लागते काय?" बाबांनी ऐकलं नाही. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं होतं, पण कामापुरतं. मोठ्या भावानं सांगूनही धाकट्यानं ऐकलं नाही, हे मोठेबाबांच्या घशात अडकून बसलेलं.

दर वर्षी हिवाळ्यात आई विचारायला जायची. दर वर्षी मोठेबाबा म्हणायचे, "नवसाले मी नाई म्हनत नाई. जेवाले येईन. पन आग मी पेटोत नाई." गोवऱ्याही त्यांच्याच गोठ्यातल्या. आम्ही बैल विकून ट्रॅक्टर भाड्यानं लावायला लागलो, तेव्हापासून आमच्या घरी गोवरी थापली गेलेली नव्हती.

दहा वर्षं झाली. भावकीत रोडग्यांची जेवणं व्हायची, आई सगळ्यांना वाढायची आणि स्वतः भाजीशी ज्वारीची भाकर खायची. कोणी आग्रह केला तर म्हणायची, "माह्या दातायले झेपत नाई." गेल्या वर्षी तिचे खालचे दोन दात खरंच पडले. तेव्हा मी घाबरले. म्हटलं, ही बाई रोडगा न खाताच म्हातारी व्हायची.

त्याच हिवाळ्यात शाळेची सहल चिखलदऱ्याला गेली होती. तिथं पॉइंटच्या बाजूला एक कुटुंब बसलेलं. त्यांनी सुटकेसएवढा काळा डबा उघडला, खालचे पाय फिरवून उभा केला, आत कोळसा भरला आणि त्याच्यावर कणसं आणि वांगी भाजायला ठेवली. पोरं दरी बघत होती. मी डबा बघत उभी राहिले. त्यातल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, वांगं घ्या." मी घेतलं. गॅसवर भाजलेल्या वांग्याची आणि त्या वांग्याची भेटच होऊ शकत नाही. घरी आल्याबरोबर फोनवरून तसली ग्रिल मागवली.

तिच्यावर हात बसायला मला सगळा उन्हाळा, पावसाळा नि पुढचा अर्धा हिवाळा लागला. पाऊस नसेल त्या रविवारी गच्चीवर जायचं. पहिल्या वांग्याला रॉकेलचा वास आला. घरमालकीणबाई जिन्यातून ओरडल्या, "मॅडम, काही जळून राहिलं काय?" मी म्हटलं, "नाही काकू, पेटूनच नाही राहिलं." मग शिकत गेले. कोळसा इस्त्रीवाले घेतात त्या दुकानातून आणायचा, बाभळीचा. पेटवायला नारळाची शेंडी आणि कापराची वडी. ज्वाला दिसते तोवर काहीही ठेवायचं नाही; कोळशावर पांढरी राख चढली की मग. आणि झाकण लावायचं. झाकणाशिवाय वरून करपतं, आत कच्चं राहतं. एका रविवारी मी चार रोडगे वळले, कोळसा दोन बाजूंना सारला, मधोमध रोडगे ठेवले आणि झाकण लावून चाळीस मिनिटं हलले नाही. काढून फोडला. आत एकेक पदर सुटा. मी एकटीच गच्चीवर मोठ्यानं हसले. त्याच संध्याकाळी आईला फोन केला: "पाहुणे सांग. आग मी पेटोते."

आई म्हणाली, "तुले काय समजते आगीचं?"

"पंधरावी झाली हाय न मी," मी म्हटलं.

तर मी अमरावतीहून एसटीनं मूर्तिजापूर, अकोला करत बार्शीटाकळीला उतरले आणि ऑटोनं गावात पोचले. अंगणात बाबा, मिस्त्री आणि आई उभे होते. स्वयंपाकघराच्या भिंतीला एक चौकोनी भोक होतं आणि त्यातून आमचा गॅस सिलिंडर रस्त्यावरून दिसत होता. मिस्त्रीच्या हातात टेप होता.

"ग्रिल कुठी हाय?" बाबांनी विचारलं.

मी ब्यागेतून डबा काढला.  मिस्त्रीनं टेप लावून बघितला, मनापासून. मग म्हणाला, "ताई, हे तं भोकाच्या अर्धीबी नाई."

"कोणत्या भोकाच्या?"

बाबांनी बोट दाखवलं. मी भोकाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि फोनवरचा एकेक शब्द मला मागून पुढं आठवत गेला.

"बाबा, हे सैपाकाची ग्रिल हाय! कोळशाची शेगडी म्हना न!"

"मंग शेगडी म्हनाचं होतं!" बाबा म्हणाले. "मी आपला दोन दिवस झाले इचार करून राहिलो, की घडी होनारी ग्रिल कशी काय. म्हटलं, चोरानं बाहेरून घडी केली तं?"

मिस्त्री खाली बसून हसायला लागला. आई मात्र हसली नाही. ती डब्याजवळ आली, झाकण उघडलं, आतली जाळी बघितली. आणि एकच विचारलं, "याच्यावर किती रोडगे मावते?"

मी खरं सांगितलं. "नऊ."

पन्नास माणसं, माणशी दोन धरले तर शंभर रोडगे. एका खेपेला चाळीस मिनिटं. शाळेत मी मुलांना गणितं घालते, पण हे गणित मी गच्चीवरच्या आनंदात केलंच नव्हतं. चार रोडग्यांवर मी पन्नास माणसांना बोलावून बसले होते. उद्या दुपारी ती सगळी येणार होती.

तेवढ्यात मोठेबाबा आले; नऊचा आकडा त्यांनी अंगणात शिरतानाच ऐकला होता. गावात भिंत फुटली की बातमी भिंतीच्या आधी पोचते. त्यांनी काठीनं ग्रिलला हलकेच टोचलं.

"हे काय हाय?"

"ग्रिल, मोठेबाबा. कोळशावर भाजाची."

"कोळशावर? रोडगे? थे काय मटन हाय?" मग आईकडे वळून, पण मला ऐकू येईल असं, "नऊ नऊ रोडगे करते म्हनते पोरगी. पयल्या पंगतीचे लोक जेवतीन, दुसरीचे पुढच्या संक्रांतीले येतीन."

ते गेले. आई भोकाजवळ जाऊन गोधडी लावायला लागली. तिच्या पाठीवरून मला कळलं, की या वेळीही नवस राहतो असं तिनं धरून घेतलं आहे. ती रडत नव्हती. ती गोधडीच्या कोपऱ्यात खिळा ठोकत होती, एवढंच. पण मला ते जास्त लागलं.

बाबा ओट्यावर बसून विडी न पेटवता हातात फिरवत होते. त्यांच्या पुढ्यात, भिंतीला टेकवून, काढलेली जुनी जाळी उभी होती. गावातल्या लोहारानं आजोबांच्या वेळी ठोकलेली, चांगली तीन हात लांब, दोन हात रुंद. रंग असा तिला कधी लागलाच नव्हता. तिच्यावर कोंबडी चढून बसली होती. बाबा बराच वेळ कोंबडीकडे बघत राहिले.

"हेबी ग्रिलच हाय न वं?" ते म्हणाले.

मी आयुष्यात बऱ्याच शिकलेल्या माणसांची भाषणं ऐकली आहेत. एवढं शहाणपणाचं वाक्य एकाही भाषणात ऐकलेलं नाही.

आम्ही कोंबडी उठवली. विटेचा तुकडा आणि वाळू घेऊन मी, बाबा आणि मिस्त्री जाळी घासायला बसलो. मिस्त्रीला त्या दिवशी दुसरं काम नव्हतं. त्याचं काम आम्हीच फोडून ठेवलं होतं. ग्रिलच्या डब्यात एक कागद होता, त्यात लिहिलेलं: नवी ग्रिल आधी रिकामी तापवावी. मी तो नियम जुन्या जाळीला लावला. परसात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाळ केला आणि गज लाल होईस्तोवर तापवले. गंज, इतक्या वर्षांची धूळ, सगळं गेलं. थंड झाल्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून घासला, आई तव्याला घासते तसा. आई दारातून बघत होती. म्हणाली, "खालूनबी घास." तेव्हा मला बरं वाटलं. बाबा मोटरसायकलवर अकोल्याला जाऊन कोळशाची दोन पोती घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात विटांच्या दोन रांगा मांडल्या, त्यावर जाळी ठेवली. कोळसा आधी छोट्या ग्रिलमध्ये पेटवायचा, पांढरा झाला की पत्र्यानं उचलून मोठ्या जाळीखाली टाकायचा, अशी माझी पद्धत. बायकांनी कणीक मळली, थर गुंडाळले. मोठ्याई, म्हणजे मोठेबाबांच्या बायको, वांगी चिरता चिरता म्हणाल्या, "व माय, आग बायकोमानसानं पेटोली तं भैरोबा कोपते म्हनते."

मी म्हटलं, "मोठ्याई, घरी चूल कोन पेटोते?"

"मी."

"मंग भैरोबा घरी येऊन कोपला काय कधी?"

त्या एवढ्या हसल्या की वांगं हातातून पडलं.

दुपारपर्यंत माणसं जमली. मोठेबाबा कडुलिंबाखाली, बरोबर माझ्यासमोर, घोंगडी टाकून बसले. पहिले चाळीस रोडगे जाळीवर ठेवले. मी फिरून फिरून पलटत होते. घामानं माझा चष्मा घसरत होता. रोडगे छान लाल झाले, मग काळसर झाले. अर्ध्या तासानं मी थांबले.

मोठेबाबा उठले. त्यांनी एक रोडगा उचलला, दोन्ही हातांनी फोडला आणि अर्धा सगळ्यांना दिसेल असा वर धरला. आत कणीक ओली, पांढरी.

"पाहा," ते म्हणाले. "वरून पंधरावी. आतून पयली नापास."

पन्नास माणसं हसली. मी खोटं कशाला सांगू, मलाही ते वाक्य आवडलं. पण हातातली सांडशी मी खाली ठेवली. आईकडे बघितलं तर ती तुपाचं भांडं घेऊन उभी होती. दहा वर्षं जिला कोणी काही विचारलं नाही अशी बाई, भरल्या तुपाच्या भांड्यासकट.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. चूक माझीच होती आणि ती मी गच्चीवर आधीच करून बसले होते. झाकण! गोवरीच्या आरात रोडगा राखेत पुरलेला असतो, त्याला चारी बाजूंनी ऊब मिळते. माझ्या जाळीवर फक्त खालून आग. छोट्या ग्रिलला झाकण होतं, मोठीला नव्हतं. आणि घाईत मी कोळसाही मधोमध पसरून ठेवला होता.

"बाबा, घमेले!" मी ओरडले. "धान्य भराचे, लोखंडी. जेवढे असतीन तेवढे."

बाबांनी कशाला म्हणून विचारलं नाही. शेतातल्या गोदामातून सहा घमेली आली, मिस्त्रीनं विहिरीवर धुऊन आणली. कोळसा मी दोन्ही बाजूंना सारला. रोडगे मध्ये घेतले, त्यांच्यावर घमेली पालथी घातली आणि घमेल्यांच्या पाठीवर दोन दोन पत्रे निखारे ठेवले.

"अर्धा तास लागन," मी सगळ्यांना सांगितलं. शाळेत गोंधळ झाला की वापरते तो आवाज आपोआप आला. "कोनीच घमेलं उचलाचं नाई. मोठेबाबा, तुमीबी नाई."

 मोठेबाबांना असं कोणी बोलत नाही. ते घोंगडीवर बसले.

तो अर्धा तास छोट्या ग्रिलनं सांभाळला. मी तिच्यात उरलेला कोळसा ठेवला आणि वर हिरव्या तुरीच्या शेंगा पसरल्या, मिठाचं पाणी शिंपडून. शेंगा तडतडायला लागल्या तशी माणसं सरकत सरकत जवळ आली. पोट्टे तर जाळीवरूनच उचलत होते. कोणी म्हणालं, "भल्ली मस्त हाय बे शेंग." कोणी विचारलं, "हे घडी कशी होते वं?" बाबांनी पुढं होऊन सगळ्यांना पाय कसे फिरतात ते समजावून सांगितलं, जणू त्यांनीच बनवली. "अशी बसते," ते म्हणत होते, "अन् मजबूत हाय." एक ओंजळ शेंगा बाबांनी स्वतः नेऊन मोठेबाबांपुढं ठेवल्या. मोठेबाबांनी पहिल्यांदा नुसत्या बघितल्या. थोड्या वेळानं मी बघितलं तर घोंगडीवर टरफलं होती.

अर्धा तास झाला. सांडशीनं पहिलं घमेलं उचललं. वाफेचा असा वास आला की मागच्या रांगेतली माणसं उभी राहिली. गव्हाचा, ओव्याचा, थोडा धुराचा. मी एक रोडगा फडक्यात धरून दाबला. तो आतून बोलला, 'कच' असा. ज्याला रोडगा कळतो त्याला तो आवाज कळतो.

मी तो रोडगा फडक्यासकट घेऊन मोठेबाबांपुढं गेले. मान त्यांचा होता, तो घ्यायला मी आले नव्हते. मला माझ्या आईला रोडगा खाऊ घालायचा होता, बास.

"मोठेबाबा, भैरोबापुढं फोडा."

त्यांनी रोडगा हातात घेतला. दाबला. नाकाशी नेला. त्यांनी जन्मभर हेच केलेलं होतं. त्यांच्या बोटांना कोणी फसवू शकत नव्हतं. मग त्यांनी तो परत माझ्या हातावर ठेवला.

"तू फोड."

"मी?"

"आग कोनाची हाय? तुही हाय न? ज्याची आग, त्याचा पयला रोडगा. मी काय नियम बदलू?" मग घोंगडी झटकत, इकडेतिकडे बघत, सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आता पाहा बाप्पा. चुलीपाशी बसालेबी डिगरी लागून राहिली."

हसणं असं उठलं की कडुलिंबावरचे कावळे उडाले. बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसले. दोघे भाऊ एकमेकांकडे बघून हसताना मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघितले.

मी भैरोबापुढं रोडगा फोडला. अर्धा तिथं ठेवला. उरलेला अर्धा घेऊन आईकडे गेले. तिच्या हातातलं भांडं बाजूला ठेवलं, रोडगा कुस्करला, त्यावर तूप ओतलं, रोडगा पिऊन घेईल एवढं. आईनं पदर सावरला, भैरोबाकडे बघून हात जोडले आणि एक घास घेतला. ती बराच वेळ चावत राहिली. दोन दात नसल्यामुळे वेळ लागत होता. सगळे तिच्याकडे बघत होते. मी विचारलं, "कसा हाय?"

आई म्हणाली, "मीठ कमी हाय."

आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा. आई त्या दिवशी तीन रोडगे जेवली. मोठेबाबा चार जेवले, पण त्यांनी दोनच मोजले, म्हणून मीही दोनच सांगते. पन्नास माणसं येतील म्हटलं होतं, सत्तर आली; जाळीवरून चार खेपा निघाल्या आणि शेवटचे पाच रोडगे मिस्त्री घरच्यांसाठी फडक्यात बांधून घेऊन गेला.

संध्याकाळी घरी आलो तर भिंतीला भोक होतंच. बाबांनी काळी कुट्ट झालेली जाळी बैलगाडीच्या जुन्या चाकावर टेकवली आणि मिस्त्रीला म्हणाले, "उद्या हेच बसव."

"हेच? काळी झाली न हे. ताई नवीन आनते न अमरावतीहून."

"हेच. पन सिमेंटात गाडू नोको. एका बाजूनं बिजागरी लाव, दुसऱ्या बाजूनं कडी. काढता आली पाह्यजे. पुढच्या थंडीत लागन."

मिस्त्री डोकं खाजवत उभा राहिला. "काका, काढता आली तं चोरबी काढन न."

"काढू दे," बाबा म्हणाले. "पन त्याले सांगजो, नेली तं रोडगे करूनच परत आन. अन् मीठ जरा जास्त टाकजो म्हना."